एसटी असताना लोक पंढरपूरला चालत का जातात?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते. पुढचे अठरा-एकोणीस दिवस बातम्यांत दिवे घाट, रिंगण आणि पावसात भिजलेल्या पताका दिसत राहतात. त्याबरोबर दरवर्षी तोच प्रश्नही येतो. पुण्याहून पंढरपूर एसटीनं पाच-सहा तासांवर आहे, मग लाखो माणसं उन्हापावसात, तंबूत झोपून अडीचशे किलोमीटर चालतात ती कशासाठी?

‘श्रद्धा’ हे उत्तर खरं असलं तरी पुरत नाही. एसटीनं जाणाऱ्याचीही श्रद्धाच असते. चालण्यातून असं काय मिळतं की एकदा गेलेला माणूस पुढच्या ज्येष्ठात पुन्हा पिशवी भरतो, हा खरा मुद्दा आहे. त्याचं बरंचसं उत्तर दिंडीच्या बांधणीत सापडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

## आधी चार शब्द

वारकरी संप्रदायात आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या आहेत. पायी जाणाऱ्यांची सर्वांत मोठी गर्दी आषाढीला असते. पालखीत संतांच्या पादुका असतात, आणि वारकऱ्यांच्या लेखी त्या पादुकांबरोबर चालणं म्हणजे खुद्द त्या संताबरोबर चालणं. दिंडी म्हणजे पालखीच्या पुढे किंवा मागे ठरलेल्या क्रमांकानं चालणारा गट. माउलींच्या सोहळ्यात रथापुढच्या परंपरेच्या दिंड्या 27 आहेत, रथामागे त्याहून कितीतरी जास्त. वाटेतली छोटी विश्रांती म्हणजे विसावा आणि रात्रीचा थांबा म्हणजे मुक्काम.

वारी जुनी आहे, पण आज दिसणारी तिची शिस्त दोन टप्प्यांत घडली. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली. तिच्यात ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्या पादुका एकत्र नेल्या जात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींची पालखी स्वतंत्र केली. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते, आणि फौजेत राहिलेल्या माणसाची नजर त्या सोहळ्यात आजही दिसते. दिंड्यांचे क्रम, चोपदार, घोडे, नगारा, कर्ण्याचे इशारे, सगळं जागच्या जागी. घोडे आजही बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, आणि तेही अंकलीहून आळंदीपर्यंत पायीच.

## चालणं खरंच एवढं अवघड असतं का?

एक दिवस चालणं अवघड नसतं. अवघड जातं ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून चालणं.

किलोमीटरला साधारण 1,300 ते 1,400 पावलं पडतात. वीस किलोमीटरच्या दिवसाला ती सव्वीस-अठ्ठावीस हजार होतात आणि अख्ख्या वारीत सव्वातीन लाखांच्या पुढे जातात. साठ किलो वजनाच्या माणसाला वीस किलोमीटरला सुमारे 1,000 कॅलरी जादा लागतात. ज्वारीच्या भाषेत ते 300 ग्रॅम पीठ झालं, म्हणजे रोजच्या जेवणावर आणखी तीनेक भाकरी. दिंडीतलं जेवण शहरी पाहुण्याला अवाढव्य वाटतं. चार दिवसांनी तोच पाहुणा ताट पुढे करतो.

सगळे टप्पे सारखे नसतात. जेजुरी ते वाल्हे जेमतेम बारा किलोमीटर आहे आणि लोणंद ते तरडगाव त्याहूनही कमी. पुणे ते सासवड मात्र तीस किलोमीटरच्या वर जातं आणि त्यातच दिवे घाटाची चढण आहे. हा सर्वांत लांब टप्पा वारीच्या पहिल्याच आठवड्यात येतो. नवखा माणूस मोडला तर बहुतेक सासवडलाच मोडतो. एकादशीच्या उपासाच्या आसपास हा टप्पा आला की अंगात ताकदही कमी असते.

पाय दुखण्यापेक्षा जास्त माणसं फोडांमुळे मागे राहतात. घाम किंवा पावसानं कातडी मऊ पडते, पादत्राण तिच्यावर घासत राहतं, वरचा थर खालच्यापासून सुटतो आणि मध्ये पाणी भरतं. खास वारीसाठी घेतलेले नवे कोरे बूट या कामात पहिला नंबर पटकावतात. बंद बूट पावसात भिजले की दिवसभर वाळत नाहीत, म्हणून जुने वारकरी साधी, वापरून मऊ झालेली चप्पल किंवा सँडल घालतात. आठवडाभरात पाय सुजतात, तेव्हा पादत्राण अर्धा नंबर मोठं असलेलं बरं. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नये. स्वच्छ केलेल्या सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, कातडी तशीच राहू द्यावी, वर औषध लावून पट्टी चिकटवावी. मधुमेह असणाऱ्यांनी हे स्वतः करू नये. त्यांना पायाची जखम उशिरा कळते आणि भरायलाही वेळ लागतो. त्यांनी रोज मुक्कामावर तळवे नीट पाहावेत आणि वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे जावं.

दुसरी अडचण पाण्याची. आडोसा मिळणार नाही या भीतीनं कितीतरी बायका चालताना पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर येते, पेटके येतात, लघवीचा संसर्ग होतो. गेल्या काही वर्षांत मुक्कामांवर फिरती शौचालयं आली तेव्हा परिस्थिती सुधारली, पण दोन मुक्कामांमधल्या वाटेवर अडचण उरतेच. क्षारसंजीवनीची (ओआरएस) पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं. चमचा चहाचाच घ्यायचा. मीठ यापेक्षा जास्त नको.

## मग साठी-सत्तरीची माणसं कशी चालतात?

मॅरेथॉन पळणारे तरुण वारीत लंगडताना दिसतात आणि शेजारून सत्तरीच्या आजीबाई डोक्यावर तुळस घेऊन पुढे निघून जातात. आजीबाईंच्या पायात चमत्कार नसतो. त्यांचा वेग दिंडीनं ठरवलेला असतो, तरुणाचा त्याच्या हौसेनं. नवखा माणूस सकाळी ताजातवाना असतो म्हणून दिंडी सोडून झपाझप पुढे जातो, पुढच्या गावात तासभर बसतो, अंग आखडतं, आणि पुन्हा उठताना गुडघा बोलायला लागतो. दिंडी माणसाला एकट्याच्या चालीपेक्षा हळू चालवते आणि ठरल्या जागी बसवते, पण फार वेळ बसू देत नाही.

दिंडीची रांगही विचारानं लावलेली असते. पुढे पताकाधारी, मग ओळीनं टाळकरी, त्यांच्यात मृदंगी, मग वीणेकरी, आणि मागे तुळस व पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. अभंग कोणता म्हणायचा हे वीणेकरी ठरवतो आणि टाळ-मृदंगाचा ठेका सगळी रांग चालवतो. जात्यावर दळणाऱ्या बाईला ओवी जे देत असे तेच हे काम आहे. ओवीमुळे दळण कमी होत नव्हतं. हात मात्र ओवीच्या लयीवर फिरायचा आणि पायलीभर दळण कधी सरलं ते कळायचं नाही. टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडलं की पुढचं पाऊल टाकायचा विचार करावा लागत नाही.

एका लयीत केलेल्या श्रमांचा अंगावर होणारा परिणाम प्रयोगातही मोजला गेला आहे. ऑक्सफर्डच्या नौका वल्हवणाऱ्या खेळाडूंनी तेवढाच व्यायाम एकदा एकेकट्यानं आणि एकदा एकत्र, एका तालात केला. एकत्र केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता जास्त भरली. खेळाडू मूठभर होते आणि वारी म्हणजे वल्हवणं नव्हे, त्यामुळे या निष्कर्षावर फार भार टाकू नये. पण टाळ घेऊन रांगेत चाललेल्या माणसाला विचारलं तर तोही हेच सांगतो, आणि रांग सोडून मागून एकटा येणारा तर हमखास सांगतो.

सामानाचीही व्यवस्था असते. दिंडीत नाव नोंदवून वर्गणी भरली की वळकटी ट्रकवर जाते. तंबू, शिधा, भांडी ट्रकवर आणि पाणी टँकरमध्ये. ट्रक पहाटे पुढे निघतो, कारण मुक्कामावर जागा धरायची असते. त्यात एक मेख आहे: सकाळी ट्रकवर टाकलेली पिशवी संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. रक्तदाबाची गोळी वळकटीत राहिली तर दिवसभर ती पुढच्या गावात आणि तुम्ही रस्त्यावर. म्हणून औषधं, रेनकोट, पाण्याची बाटली, थोडे पैसे आणि ओळखपत्र खांद्याच्या पिशवीत हवं, आणि ती पिशवी दोन-तीन किलोंच्या वर जाऊ देऊ नये.

## डोक्याला कसली विश्रांती मिळते?

पायांना विश्रांती नसते, हे उघड आहे. पण परत आलेली माणसं ‘डोकं हलकं झालं’ म्हणतात, आणि ते का होतं हे वेळापत्रक पाहिलं की लक्षात येतं.

पहाटे तीनला टँकरभोवती आंघोळी सुरू होतात, कारण चारनंतर तिथं नंबर लागत नाही. काकडा होतो. कर्णा तीनदा वाजतो: पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला रांगेत यायचं, तिसऱ्याला निघायचं. सकाळी भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळ, गवळणी, संध्याकाळी हरिपाठ. आठवड्याच्या कुठल्या वाराला कुठले अभंग हेही ठरलेलं असतं. विसावा कुठल्या झाडाखाली, दुपारचं जेवण कुठल्या गावी, सगळं आधीच ठरलेलं. आज काय करायचं, काय घालायचं, काय शिजवायचं, कुणाला काय उत्तर द्यायचं, यातलं काहीही माणसाला ठरवावं लागत नाही. एरवीच्या सुट्टीत आपण हॉटेल, गाडी, जेवण असे दिवसाला पन्नास निर्णय घेतो आणि थकून घरी येतो.

मुक्कामाची समाजआरती तर शिस्तीचा नमुनाच आहे. चोपदारानं चोप, म्हणजे हातातला मानाचा दंड, उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथं जाऊन गाऱ्हाणं ऐकतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी वाचली जाते, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. अर्ज नाही, शिक्का नाही, तक्रार त्याच संध्याकाळी कानावर घातली जाते. महाराष्ट्रातल्या किती कचेऱ्यांना हे जमतं, हा प्रश्न ज्याचा त्यानं मनात विचारावा.

आणखी एक बदल होतो. इथं प्रत्येक जण दुसऱ्याला ‘माउली’ म्हणतो आणि भेटल्यावर दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. हुद्दा, आडनाव, पगार यांची चौकशी सहसा होत नाही. पुण्याच्या मुक्कामात नाभिक फुकट दाढी करून देतात, चर्मकार चपला शिवून देतात, अनोळखी पोरं म्हाताऱ्यांचे पाय चेपतात. ज्यानं आयुष्यभर कुणाचं काही घेतलं नाही त्याला पहिल्या दिवशी हे जड जातं. आठवड्यानं तोच माणूस रस्त्याकडेच्या पंगतीत निःसंकोच बसतो.

## लोक स्वतः काय कारण सांगतात?

बाहेरच्याला वाटतं, नवस फेडायला जात असतील. तसे लोकही असतात. पण संप्रदायाची शिकवण मागणं मागायच्या विरुद्धच आहे, आणि मुरलेला वारकरी नवसाचं नाव काढलं तर हसतो.

सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण अगदी साधं आहे: ‘वडील करत होते.’ घरातली वारी चुकू द्यायची नाही, ही भावना शेताच्या बांधासारखी नाही की मोजून दाखवता येईल, पण तिच्यावर घरं चालतात. बापाचे गुडघे गेले की मुलगा जातो, मुलाला रजा मिळाली नाही तर सून जाते, आणि दिंडीत ती त्याच घराची वारी धरली जाते. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्याला तर वारीबरोबर एकादशीचा उपास आणि मद्यमांस वर्ज्य हे वर्षभराचं पथ्यच असतं. अशा माणसाला ‘यंदा का जाता?’ विचारणं विचित्रच. न जाण्याचं कारण त्याला द्यावं लागतं.

बायकांच्या तोंडी दुसरं कारण असतं, पण ते थेट सांगितलं जात नाही. ज्या घरात चार दिवस माहेरी जायला परवानगी लागते त्याच घरातून वारीला मात्र कुणी अडवत नाही. वीस दिवस घराबाहेर, मैत्रिणींबरोबर, मोकळ्या गळ्यानं गायचं, रिंगणात फुगडी घालायची आणि वर पुण्यही पदरात. हे सगळं गुलाबी रंगवू नये. अनेक दिंड्यांत पहाटे भाकऱ्या थापणारे हात बायकांचेच असतात. आता पुष्कळ ठिकाणी आचारी लावतात, हे बरं झालं.

## पेरणीच्या दिवसांत शेतकरी घर सोडतो कसा?

शहरातून येणारा हा आक्षेप रास्त आहे. मृग लागतो 7 जूनच्या आसपास आणि वारी त्यानंतर थोड्याच दिवसांत निघते. पण तारीख दरवर्षी सरकते. तिथी चांद्र महिन्यांच्या, पाऊस सौर वर्षाचा, आणि दोघांतला फरक अधिक महिना भरून काढतो. 2023 मध्ये आषाढी एकादशी 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जुलैला, 2025 मध्ये 6 जुलैला. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ती थेट 25 जुलैला गेली. उशिराच्या वर्षी पेरणी उरकून निघता येतं. लवकरच्या वर्षी, पाऊस लांबला असेल तर, घरी बसूनही करण्यासारखं काही नसतं.

खरी ओढाताण होते ती पाऊस ऐन वारीत वेळेवर पडतो तेव्हा. मग घरातला एक चालतो आणि बाकीचे तिफण धरतात, किंवा वारकरी अर्ध्या वाटेवरून एसटीनं गावी जाऊन पेरणी करून पुढच्या मुक्कामाला पुन्हा सामील होतो. वारीत म्हातारी माणसं जास्त दिसण्याचं एक कारण हेही आहे: शेताची जबाबदारी मुलाकडे गेलेली असते.

## तब्येतीला फायदा होतो, याला काही पुरावा आहे?

थोडा आहे, आणि तो वारीचा नसून प्रयागच्या माघ मेळ्याचा आहे. तिथं महिनाभर गंगेकाठी थंडीत राहणाऱ्यांना कल्पवासी म्हणतात. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी चारशेहून अधिक कल्पवासींना मेळ्याच्या आधी आणि मेळा संपल्यावर महिन्याभरानं तब्येतीचे, मनाच्या स्थितीचे प्रश्न विचारले. मेळ्याला न गेलेल्या, पण तशाच गावांतल्या लोकांनाही विचारले. 2012 मध्ये छापलेला निष्कर्ष असा होता: गेलेल्यांनी स्वतःची तब्येत आधीपेक्षा बरी सांगितली, न गेलेल्यांत तसा बदल दिसला नाही. थंडी, गोंगाट, गर्दी, अस्वच्छता हे सगळं असूनही.

इथं दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उत्तरं लोकांनी स्वतः दिलेली होती, कुणी रक्त तपासलं नव्हतं. आणि मन बरं असलं तरी दूषित पाणी दूषितच राहतं. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेतून पटकी (कॉलरा) गावोगाव पसरायची आणि त्यात माणसं मरायची. आज टँकरच्या पाण्यात क्लोरीन घालतात, वाटेवर दवाखाने असतात, तरी उघड्यावरचं कापलेलं फळ आणि रस्त्याकडेचा बर्फ टाळावा. गर्दीत एकाचं पोट बिघडलं की तंबूतल्या सगळ्यांचं बिघडायला वेळ लागत नाही.

## वारीत सगळे समान, हे कितपत खरं?

भाषणांत जितकं सांगतात तितकं नाही, आणि टीकाकार म्हणतात तितकं खोटंही नाही.

मानववंशशास्त्रात यात्रेबद्दल एक प्रसिद्ध मांडणी आहे. व्हिक्टर टर्नर यांच्या मते यात्रेत माणूस रोजच्या समाजाच्या चौकटीबाहेर पडतो आणि तेवढ्यापुरती उच्चनीचता विरघळते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या तेव्हा त्यांना वेगळं दिसलं. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठा गट चालायचे बरोबर, गायचे बरोबर, पण जेवायला वेगळे बसायचे. आणि ज्या विठ्ठलाच्या पायरीशी चोखोबांची समाधी आहे त्याच्या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावं लागलं. शेकडो वर्षं लोक एकत्र चालत आले होते, तरी दार आपोआप उघडलं नाही.

आज पंगती बऱ्याच मिसळल्या आहेत. तरी दिंडी बहुधा गावाची, फडाची (एका महाराजांची परंपरा मानणाऱ्या वारकऱ्यांची) किंवा ओळखीतल्यांची असते, आणि गाव जसं असतं तशीच दिंडी होते. समतेचा अनुभव खरा असतो, पण तो बऱ्याचदा रस्त्यावरचा असतो. गावी परतल्यावर त्याचं काय होतं ते गावच ठरवतं.

## आता वारी नुसता इव्हेंट झाली आहे का?

आळंदी ते पुणे किंवा पुणे ते सासवड असा एकच दिवस चालून, फोटो काढून परतणाऱ्यांवर जुने वारकरी चिडतात. चिडण्याला व्यवहारी कारण आहे. घाटात ही जादा माणसं दिंड्यांच्या रांगा तोडतात, टाळकऱ्यांची चाल बिघडते आणि दिंडीचा आधी ठरवून घेतलेला शिधा पुरत नाही. एक दिवस जायचं असेल तर दिंडीच्या मधून न घुसता कडेनं चालावं, आपलं पाणी आणि डबा आपण न्यावा, कचरा परत आणावा. ड्रोन घरी ठेवला तर फारच चांगलं.

पण एक दिवस चाललेला माणूस खोटा, असं म्हणता येणार नाही. स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेत नियमच आहे की शेवटचे निदान 100 किलोमीटर चालले तरच चर्चचं प्रशस्तिपत्र मिळतं, आणि ते देताना धार्मिक कारणानं चाललात की अन्य, हेही विचारतात. 2024 मध्ये अशी सुमारे 5 लाख पत्रं दिली गेली. वारीत प्रशस्तिपत्र नाही, मोजणी नाही, कारण विचारणारा कुणी नाही. त्यामुळे खरा वारकरी कोण, हा वाद मिटवायची सोयही नाही, आणि माझ्या मते हे वारीच्या फायद्याचंच आहे.

## एवढंच चालायचं तर एकट्यानं का नाही?

एकट्यानं चालायची वाटही मराठी माणसाला ठाऊक आहे: नर्मदा परिक्रमा. अंतर वारीच्या दसपटीहून जास्त, नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ती कुठंही ओलांडायची नाही, मिळेल ते खायचं. परंपरेनं मुदत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस, पण आता बहुतेक जण चार-सहा महिन्यांत पुरी करतात. तिथं रोज संध्याकाळी कुठं टेकायचं हे माहीत नसतं, आणि अनेकांना तेच हवं असतं. वारीत ते आधीपासून ठाऊक असतं. अनिश्चितता हवी असलेला माणूस दिंडीत कंटाळतो आणि सोबत हवी असलेला परिक्रमेत चौथ्या दिवशी रडकुंडीला येतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं आपण यातले कोण हे आधी ओळखावं. तयारीला सहा ते आठ आठवडे पुरतात. रोज चार-पाच किलोमीटरनं सुरुवात करावी आणि शेवटच्या पंधरवड्यात लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर चालून पाहावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात ते ऐकायचं.

## शेवटी हवं असतं ते दर्शनच ना?

दशमीला पंढरपुरात पोचलेल्यांतले किती जण गाभाऱ्यात जातात ते पाहावं. आषाढीला पायांवर डोकं ठेवायची रांग गोपाळपूरच्या दिशेनं किलोमीटरच्या किलोमीटर जाते आणि नंबर लागायला दिवस-रात्र उभं राहावं लागतं. अठरा दिवस चाललेली असंख्य माणसं त्या रांगेकडे वळतच नाहीत. चंद्रभागेत बुडी मारतात, नामदेव पायरीला हात लावतात, लांबून कळसाला हात जोडतात आणि गाडी पकडतात.

2020 आणि 2021 मध्ये साथीमुळे पायी वारी बंद होती. पादुका दशमीला एसटीच्या बसनं, मोजक्या मानकऱ्यांसोबत पंढरपूरला गेल्या. एकादशीही झाली, महापूजाही झाली. देवाच्या बाजूनं पाहिलं तर सगळे विधी पार पडले, तरी वारकरी त्या दोन वर्षांना ‘वारी झाली नाही’ असंच म्हणतात.

मात्र चालणं हेच सर्वस्व, असंही ठरवून टाकू नये, कारण त्याविरुद्धचा पुरावा पौर्णिमेनंतर रस्त्यावरच दिसतो. गोपाळकाला झाला की पालखी परत निघते, त्याच वाटेनं, त्याच पादुका घेऊन, आणि वद्य एकादशीच्या सुमारास आळंदीला पोचते. जाताना जे अंतर अठरा दिवसांत कापलं ते येताना दहा दिवसांत, म्हणजे रोजची चाल जवळजवळ दुप्पट. या परतवारीला फारच थोडी माणसं असतात. गावोगावच्या कमानी उतरलेल्या असतात, बहुतेक ट्रक-टँकर गेलेले असतात, पंगती तुरळक असतात. एसटी आणि रेल्वे नव्हती तेव्हा सगळेच चालत परतायचे. गाडीची सोय झाल्यावर लोकांनी जाताना चालणं ठेवलं आणि येताना गाडी धरली. परतवारी करणाऱ्यांना याबद्दल विचारलं तर ते कुणाला दोष देत नाहीत. रजा संपली, पेरण्या खोळंबल्या, एवढंच सांगतात, आणि कर्ण्याची वाट न पाहता पुढे चालू लागतात, कारण त्या दिवशी पंचवीस किलोमीटर काटायचे असतात.